पाच वर, चाळीस खाली

आधी ताईंचं सांगून टाकते. ते नंतर सांगायचं ठेवलं की माणूस स्वतःचंच कौतुक सांगत बसतो, आणि ज्यानं हात दिला तो शेवटी शाल-श्रीफळासारखा उरतो.

ताई संसदेच्या कचेरीत भाषांतरकार होत्या. सरकारनं कुठल्या योजनेवर काय खर्च केला आणि त्याचं पुढे झालं काय, हे विचारणारी खासदारांची एक समिती असते. तिच्या कागदांचं इंग्रजीतून हिंदी करायचं, हे ताईंचं काम. "म्हणजे नक्की काय करता हो?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सरकार इंग्रजीत सबबी सांगतं, त्या मी हिंदीत सांगते. पगार एकाच भाषेचा मिळतो."

त्या मूळच्या विदर्भातल्या. राहायला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात, दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या बाल्कनीत उभं राहिलं की बाजारातली 'पचास-पचास' अशी आरोळी थेट चहाच्या कपात पडायची. माझं त्यांचं नातंगोतं काही नाही. दिल्लीतल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी वाण छातीशी धरून दाराजवळ बसले होते, म्हणजे पळायला बरं. ताई शेजारी येऊन बसल्या.

"कुठली गं तू?"

"माणची. सातारा."

"शाळा किती?"

"आठवीत सुटली."

"बरं झालं. नववीपासून बीजगणित फार वाईट असतं."

दिल्लीत तोवर त्या गोष्टीला कोणी 'बरं झालं' म्हटलं नव्हतं. 'अरेरे' बरेच जण म्हणाले होते, आणि 'अरेरे' म्हणणाऱ्याच्या घरी परत जाववत नाही. ताईंच्या घरी मी दर रविवारी जाऊ लागले.

आमचे हे फौजेत. लग्नानंतर दिल्लीच्या छावणीत आलो, आठ महिन्यांत त्यांची पलटण डोंगरात गेली आणि मी मागे राहिले. मी इतकी भित्री, की दूधवाल्याला 'एक किलो' म्हणायच्या आधी मनात दोनदा म्हणून बघायची. दिल्लीत दूध किलोवर मागतात, हेही मला भीतीदायकच वाटायचं. अशात शेजारच्या सुभेदारीण काकूंनी सांगितलं, की गुडगावला सरकारी शिवण केंद्रात सामान सांभाळायला बाई हवी आहे, अक्षर चांगलं हवं. अक्षर माझं चांगलं. शाळेनं मला बक्षीस दिलेली ती एकच गोष्ट.

केंद्राच्या साहेबांनी विचारलं, "हिंदी आती है?"

"आती है," मी म्हटलं.

खोटं नाही बोलले. अक्षरं तर तीच होती. हिंदी म्हणजे मराठीच, फक्त 'ळ' काढलेली आणि शेवटी 'है' लावलेली, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

गुडगाव तेव्हा धड गाव नव्हतं, धड शहर नव्हतं. रस्त्याच्या एका अंगाला मोहरी, दुसऱ्या अंगाला नवीकोरी काचेची इमारत, आणि मध्ये एक म्हैस, जिला यातलं आपलं कोणतं ते ठरवता येत नव्हतं. देश खुला झाला होता म्हणे. बाहेरदेशी कपडे पाठवणारे कारखाने येणार, त्यांना विजेच्या मशिनवर चालणारे हात लागणार. म्हणून सरकारनं बायकांना शिकवायची योजना काढली आणि आमच्या केंद्राला विजेची चाळीस मशिनं धाडली.

मशिनं आली. वीज आली नाही. म्हणजे दिव्यापंख्यांपुरती होती. पण या मशिनांना लागायची ती मोठी, तीन फेजची. तिचा अर्ज कुठल्याशा टेबलावर होता, आणि त्या टेबलाचे साहेब कायम दौऱ्यावर. तेव्हा चाळीसच्या चाळीस मशिनं लाकडी खोक्यांसकट तळघरात गेली. वर हॉलमध्ये पायाची जुनी पाच मशिनं होती, त्यांच्यावर साठ बायका पाळीपाळीनं शिकायच्या. एका पाळीत एक बाही व्हायची. दुसरी बाही पुढच्या आठवड्यात. घरी जाताना अर्धा झंपर घेऊन जाणाऱ्या बायका मी तिथेच पाहिल्या.

माझ्याकडे तळघराची किल्ली आणि सामानाची नोंदवही. नोंदवहीत तीन रकाने: क्रमांक, वस्तू, स्थिती. 'स्थिती'त काय लिहायचं मला कळेना. साहेबांना विचारायला गेले तर ते फोनवर. हात झटकून म्हणाले, "अरे, जो जहाँ है, लिख दो."

लिहिलं. पायाची पाच मशिनं: वर. विजेची चाळीस: खाली. एकाही ओळीत टिंब-टिंब केलं नाही, कंटाळा केला नाही. चाळीस वेळा, वळणदार, दोरीवर वाळत घातल्यासारखं एका रेषेत: खाली, खाली, खाली.

पुढे दोन ऑडिटवाले आले. एक चष्मेवाले, एक जांभया देणारे. मी किल्ली घेऊन उभीच होते. म्हटलं, "नीचे चलेंगे?" एवढी हिंदी मला येत होती, तीच वहीत वापरली असती तर हा लेख झाला नसता. जांभईवाल्यांनी विचारलं, "नीचे पानी-वानी तो नहीं है?" माझ्या आधी साहेब म्हणाले, "घुटनों तक, सर." पाणी घोट्याइतकंसुद्धा नव्हतं. पण त्या दोघांचे बूट नवे होते. त्यांनी समोसे खाल्ले, वहीवरून उतरवून घेतलं. चष्मेवाले 'वर' या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ थांबले, दुसऱ्याकडे बघितलं, मान हलवली आणि निघून गेले.

कित्येक महिन्यांनी एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर छापील अहवाल होता.

"इसमें लिखा है, चालीस डिब्बे खाली हैं."

"हाँ जी," मी म्हटलं. बरोबर उतरवून घेतलं म्हणून मला बरंच वाटलं. "खाली हैं."

"खाली हैं?"

"शुरू से खाली हैं, साहब. आपने ही तो खाली रखवाए."

साहेबांच्या चेहऱ्याचा रंग मी कधी विसरणार नाही. नुसता चुना. ते उठले, माझ्या हातातली किल्ली हिसकावली, जिना उतरताना दोनदा भिंतीला धडकले. मी मागून. खाली जाऊन त्यांनी पहार मागवली आणि पहिलं खोकं फोडलं. दोन वर्षांत ते कोणी उघडलंच नव्हतं ना! रिकामी खोकी आली असतील तर कोणाला ठाऊक!

आत मशिन होतं. तेलकट कागदात, चकचकीत. साहेबांनी त्याला अक्षरशः हात जोडले.

मग ते हळूहळू माझ्याकडे वळले. "खाली का मतलब क्या लिखा तुमने?"

मी बोटानं जमीन दाखवली. "ये. खाली."

शिवण शिकवणाऱ्या मॅडम जिन्यात उभ्या होत्या, त्यांनी मला समजावलं. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं. आणि 'वर' म्हणजे नवरदेव. सरकारी नोंदीनुसार आमच्या केंद्रात दोन वर्षं चाळीस रिकामी खोकी होती आणि पाच नवरदेव.

मॅडम हसल्या. साहेब नाही हसले. मशिनं आहेत हा आनंद त्यांचा जिना चढेपर्यंतच टिकला. खोकी रिकामी असती तर चोर शोधला की भागलं असतं. भरलेली निघाल्यावर ती दोन वर्षं भरलेली का होती ते सांगायचं, आणि तेही थेट खासदारांना, कारण समितीनं नेमका आमचाच विषय निवडला होता आणि ती बघायला यायची होती.

दोन दिवसांनी त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. मजकूर असा: मशिनं पहिल्या दिवसापासून वर हॉलमध्ये चालू आहेत, हिंदी येत नसताना येते असं खोटं सांगून मी नोकरी मिळवली, चुकीची नोंद माझ्या अडाणीपणामुळे झाली, मी नोकरी सोडते आहे. खाली सहीची जागा. खाली म्हणजे खाली.

"और साइन नहीं किया तो?" मी विचारलं. आवाज माझा नव्हता, कुठून तरी आला.

"चाबी तुम्हारे पास थी. 'खाली' तुमने लिखा. मशीनें गायब थीं, मैंने ढूँढ निकालीं, यह भी तो लिख सकता हूँ ना? फौजी की बीवी हो. सोच लो."

म्हणजे सही केली तर खोटारडी, नाही केली तर चोर. केंद्रात कुजबुज सुरू झालीच होती. एक धिप्पाड चौधरीण शिकायला यायची, ती भर हॉलमध्ये ओरडली, "ऐ मराठण! चालीस मशीन थी तेरे कन्ने, एक मन्नै भी दे देती!" सगळ्या खो-खो हसल्या. तिच्या मनात काही नव्हतं, पण मला वाटलं हे छावणीत पोचलं तर? डोंगरातल्या पलटणीपर्यंत पोचलं तर? आमच्या ह्यांना कोणी विचारलं तर, की तुझ्या बायकोनं चाळीस मशिनं लावली कुठे?

रविवारी धौला कुआँला बस बदलून ताईंकडे गेले. त्या मटार सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. 'पाच नवरदेव' आले तशा त्या हसायला लागल्या. मटाराचं ताट कलंडलं, तरी थांबेनात.

"अगं, हे माझ्या टेबलावर होतं! 'पाच यंत्रांबाबतची नोंद अनाकलनीय आहे.' मी दोन दिवस डोकं खाजवलं, यंत्राबाबत एवढं अनाकलनीय काय असेल!"

"ताई, हसू नका हो. मला पोलीस धरतील."

मग त्या थांबल्या. मटार गोळा करत म्हणाल्या, "कागद आणलायस? नाही? बरं. सही करायची नाही."

आतल्या खोलीतून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "अगं, तू यात पडू नकोस हं. बढतीची यादी लागायचीय. त्या पोरीचं वाईट वाटतं मलाही, पण तुझ्याच कचेरीचं प्रकरण आहे."

"मी कुठे पडतेय? मी मटार वेचतेय," ताई म्हणाल्या. आणि माझ्याकडे वाकून, "समितीबरोबर भाषांतराला कोणीतरी जातंच. कोणाला हौस नसते, ऊन असतं. मी नाव देते. तुला काही विचारलं तर मराठीत सांग."

"मराठीत? तिथे कोणाला कळणार?"

"मला. हिंदीत बोलशील तर पुन्हा कोणाचं तरी लग्न लावशील."

मी सही केली नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा मी म्हटलं, "घरवाले की चिट्ठी आने दो." नवऱ्याच्या परवानगीचा असा उपयोग मी पुन्हा कधी केला नाही.

समिती यायच्या आधी मजूर लावून चाळीस मशिनं वर आणली. ओळीनं मांडली, त्यांच्यापुढे बायका बसवल्या, प्रत्येकीच्या सुईखाली फडकं. वायरी सतरंजीखाली नेल्या आणि त्या सतरंजीखालीच संपल्या. चौधरिणीला सांगितलं होतं, पाहुणे आले की हातानं चाक फिरवायचं. तिनं सकाळपासूनच फिरवायला घेतलं.

खासदार बसमधून उतरले. अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर, स्थूल गृहस्थ, गुडघे धरून चालणारे. बरोबर दक्षिणेकडच्या एक खासदारबाई, केसांत गजरा. त्यांच्यामागे ऑडिटवाले, मंत्रालयाचे लोक, आणि सगळ्यांत मागे फायली पोटाशी धरून ताई. माझ्याकडे त्यांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मला रडूच आलं.

साहेबांनी हात पसरले. "सर, दो साल से महिलाएँ इन्हीं पर सीख रही हैं. बस, लाइट अभी-अभी गई है."

गजऱ्याच्या बाईंनी हळूच वर बघितलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला एकच शब्द कळला: फॅन. आमच्या डोक्यावर तिन्ही पंखे गरगर फिरत होते.

चौधरीण चाक फिरवत होती.

अध्यक्षांनी नोंदवही मागवली. चष्मा चढवला. "चालीस खाली. और यहाँ तो चालीस रखी हैं! और ये पाँच वर कौन हैं भाई? बारात कहाँ है?" मंत्रालयाचे लोक हसले, अध्यक्ष हसले म्हणून हसले. "किसने लिखा?"

मी पुढे झाले. मराठीत म्हटलं, "साहेब, मी लिहिलं. मशिनं खाली होती म्हणून खाली लिहिलं. मी चोरी नाही केली."

"क्या कह रही है ये?"

साहेब पटकन म्हणाले, "सर, अनपढ़ है. घबरा गई है, कुछ भी बोल रही है."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. भाषांतरकारानं सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. समितीच्या समोर तर नाहीच. नियम आहे तसा. ताई मागच्या रांगेतून चालत पुढे आल्या.

"सर, ये कुछ भी नहीं बोल रही, मराठी बोल रही है. मराठी में 'खाली' का मतलब है नीचे. 'वर' का मतलब ऊपर. ये कहती है, मशीनें नीचे थीं, इसने वही लिखा."

अध्यक्षांनी वही मिटली. "तो चलिए, नीचे."

"सर, नीचे पानी..." साहेब म्हणाले.

गुडघे धरून अध्यक्ष जिना उतरले. बाकीच्यांना उतरावंच लागलं, नव्या बुटांच्या जांभईवाल्यांनाही. तळघर कोरडं ठणठणीत. भिंतीशी फोडलेल्या फळ्यांचा ढीग, त्यांतून बाहेर आलेले खिळे ताजे चकाकत होते. आणि जमिनीवर दोन वर्षांच्या धुळीत चाळीस स्वच्छ चौकोन.

"पानी?" अध्यक्षांनी विचारलं.

"सर... सूख गया."

अध्यक्षांनी एका चौकोनाच्या कडेवर बुटाचं टोक फिरवलं. मग मला विचारलं, आणि मुद्दाम माझाच शब्द वापरला: "तो ये कब से खाली थीं, बेटी?"

"शुरू से," मी म्हटलं.

ताई भाषांतर करणार होत्या, पण गरज पडली नाही.

त्यानंतर सगळ्यांनी पनीर खाल्लं. छाननी झाली तरी जेवण मागवलेलं होतंच.

माझ्यावर कोणी चोरीचा आळ घेतला नाही, त्या कागदाचं पुन्हा नाव निघालं नाही. अहवालात समितीनं तीव्र खेद व्यक्त केला. मंत्रालयानं खेदाची नोंद घेतली. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे हे सगळ्याच अहवालांत होतं. एकाला खेद होतो, दुसरा नोंद घेतो आणि दोघे घरी जातात. पण या वेळी दिवाळीच्या आत तीन फेजची वीजही आली. साहेबांची बदली झाली, दिल्लीत, मोठ्या कचेरीत. तिथे तळघर दोन मजली आहे म्हणे.

वीज आल्यावर त्या मशिनवर मी स्वतः शिकले. पहिला शिवला तो ताईंचा ब्लाऊज. सवय नव्हती, विजेचं मशिन घोड्यासारखं उधळलं. बाह्या इतक्या घट्ट झाल्या की हात वर गेला तर खाली येईना. ताईंनी तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घातला, आणि संध्याकाळभर कोणतंही वाण कोपरातूनच घेतलं.

बढतीचं मला दोन वर्षांनी कळलं. तेही ताईंकडून नाही. सरोजिनी नगरच्या बाजारात त्यांचे यजमान स्वेटरची घासाघीस करत होते. मी विचारलं, "ताईंची बढती कधी?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुला माहीत नाही? समितीसमोर न विचारता बोलली म्हणून खुलासा मागितला. खुलासा दिला, तोवर यादी लागून गेली. तिच्या मागून आलेली दोघं आता तिचे साहेब आहेत."

मी तशीच जिना चढून ताईंकडे गेले आणि दारात रडायला लागले. "माझ्यामुळे तुम्ही खाली राहिलात."

"गप गं," ताई म्हणाल्या. "मला वर कशाला हवं? वर म्हणजे नवरा. तो एक आहे, पुरे."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढू दिला नाही.

मी पुढे तिथल्याच एका कपड्याच्या कारखान्यात लागले. आता मशिनांच्या तीन ओळींवर माझी देखरेख असते. गुडगावचं गुरुग्राम झालं, मोहरी गेली, म्हैसही गेली. हिंदी मला आता चांगली येते, तरी 'खाली' लिहायची वेळ आली की हात थांबतो. मी बाण काढते.

ताई निवृत्त होऊन गावी गेल्या. परवा फोनवर म्हणाल्या, उजवा खांदा धरलाय, हात वर जात नाही, ब्लाऊज घालायचा म्हणजे यजमानांना हाक मारावी लागते, आणि ते हसतात. मी म्हटलं माप पाठवा. मग वाटलं, पोस्टानं नको. त्यांची बढती काही मला शिवून देता येणार नाही. पण माप घ्यायला मात्र, ताई, मी स्वतः येणार आहे. रजेचं जमलं की येईन, आज नाही तर उद्या, पण येईन. पुढून उघडणारे, सैल बाहीचे डझनभर ब्लाऊज तुमच्या समोर बसून शिवीन, असे की एकदाही हात वर करावा लागणार नाही.